खानदेशातील लहान पाणलोटांमधील अपधाव आणि गाळ : मोजणी व प्रतिमान

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गेल्या दोन दशकांत सिमेंट नाला बांध, सलग समतल चर, शेततळी आणि नाला खोलीकरण यांची कामे मोठ्या संख्येने झाली, त्यांवर खर्चही मोठा झाला. परंतु एखाद्या नाल्यातून एका पावसाळ्यात किती पाणी वाहून गेले आणि त्या पाण्याबरोबर शिवारातील किती माती गेली, या प्रश्नाला मोजलेल्या आकड्याने उत्तर देता येईल अशी गावे फार थोडी आहेत. कामाच्या आराखड्यात धरलेला आकडा बहुधा कोष्टकातून घेतलेला असतो आणि तो खरा ठरला की नाही हे तपासण्याची सोय काम संपल्यानंतर कोणी ठेवत नाही. ही सोय कमी खर्चात, बऱ्याच अंशी गावात आधीपासून असलेल्या बांधांचाच उपयोग करून कशी उभारता येईल आणि मिळालेल्या मोजमापांवर गणिती प्रतिमान, म्हणजे मॉडेल, कसे बसवावे याचे विवेचन पुढे केले आहे.

पावसाचे जे पाणी जमिनीत न मुरता, पिकांच्या पानांवर किंवा खळग्यांत न अडकता उतारावरून वाहत ओहोळाला आणि नाल्याला मिळते त्याला अपधाव म्हणतात. त्या पाण्याने उचललेले, तरंगत किंवा तळावरून घरंगळत नेलेले मातीचे, वाळूचे आणि गोट्यांचे कण म्हणजे गाळ. ज्या क्षेत्रावरचे पाणी एका ठरावीक ठिकाणाहून बाहेर पडते ते त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र होय आणि या लेखात साधारणपणे ५०० हेक्टरांपर्यंतचे पाणलोट लहान मानले आहेत. लहान असण्याचा अर्थ केवळ क्षेत्रफळापुरता नाही. सर्वांत दूरच्या टोकावरचे पाणी मुखापर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेला संकलन काल म्हणतात आणि तो काढण्यासाठी किर्पिच यांचे सूत्र सर्वत्र वापरले जाते. नाल्याची लांबी १,८०० मीटर आणि सरासरी उतार दीड टक्का असेल, तर या सूत्राने संकलन काल सुमारे ३२ मिनिटे येतो. जोराचा पाऊस थांबल्यानंतर तास-दीड तासात पुराचा मुख्य भाग ओसरणार असेल, तर रोज सकाळी एकदा केलेल्या नोंदीत तो सापडणार नाही, आणि खानदेशातील लहान नाल्यांच्या मोजणीतील सगळ्या अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मोठ्या नद्यांवर केंद्रीय जल आयोगाची मापन केंद्रे आहेत, धरणांतील गाळाची सर्वेक्षणे नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था करीत असते आणि भुसावळजवळील हतनूर धरणात साचलेला गाळ हा तर या भागात नेहमीच्या चर्चेचा विषय आहे. तथापि हतनूरला पाणी पुरवणारे तापी-पूर्णेचे पाणलोट २९ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्ताराचे असल्याने तिथल्या गाळाच्या आकड्यावरून एखाद्या शिवाराचा वाटा ठरवता येत नाही. मोठ्या आकड्याला भागून लहान आकडा काढण्याची सवय येथे सोडावी लागते, कारण शेतातून सुटलेली सगळी माती धरणापर्यंत जात नाही. बरीच माती बांधाच्या कडेला, लवणांत आणि नाल्याच्या पात्रात मध्येच थांबते. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार देशात दर वर्षी हेक्टरी सरासरी १६.३५ टन मातीची धूप होते. तिच्यापैकी सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के जलाशयांत बसते आणि उरलेली माती एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. धूप आणि मुखाशी पोहोचणारा गाळ या दोन निरनिराळ्या राशी असून कोणती राशी मोजली जात आहे हे नोंदवहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवावे.

जागा निवडण्यापूर्वी भूभागाचा प्रकार ओळखला पाहिजे, कारण दोन जिल्ह्यांत किमान तीन प्रकारचे नाले आढळतात आणि तिन्हींना एकच पद्धत लागू पडत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, म्हणजे रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या उत्तर भागात, डोंगरातून आलेल्या गोट्यांचा व भरड वाळूचा जाड थर आहे. तेथे नाल्याचे पाणी वाहता वाहताच पात्रात मुरते, त्यामुळे वरच्या बाजूला मोजलेले पाणी खाली कमी भरते आणि गाळाचा मोठा हिस्सा तळावरून घरंगळणाऱ्या गोट्यांचा असल्याने बाटलीतल्या नमुन्यात तो येतच नाही. तापीकाठच्या गाळाच्या मैदानात माती खोल असून नदीकडे उतरणाऱ्या नाल्यांनी ती ठिकठिकाणी घळींच्या रूपाने खोलवर चिरली आहे. दक्षिणेकडे धुळे, साक्री, शिंदखेडा, पारोळा, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर या पट्ट्यात बेसाल्ट खडकावर उथळ मुरमाड जमिनी आणि सखल भागात काळ्या जमिनी आहेत. धुळ्याच्या बाजूला खडकात उभ्या भिंतींसारखे डाइक पुष्कळ असून त्यांच्यामुळे भूजलाची सीमा जमिनीवरच्या पाणलोटाच्या सीमेशी जुळेलच असे नाही. पावसाळी पुराच्या मोजणीला त्याने फारशी बाधा येत नाही, परंतु सप्टेंबरनंतर नाल्यात टिकून राहणाऱ्या झऱ्याच्या पाण्याचा हिशेब करताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

मोजणीसाठी संशोधन केंद्रांवर एच-फ्लूम, म्हणजे विशिष्ट आकाराची पन्हाळ, बांधतात. गाळ तिच्यातून सहज वाहून जात असल्याने ती इंग्रजी ‘व्ही’ आकाराच्या खाचेपेक्षा गढूळ पाण्याला अधिक योग्य आहे. दोन-चार हेक्टरांच्या प्रक्षेत्रासाठी अशी पन्हाळ बसवणे उत्तमच. १०० ते २०० हेक्टरांच्या नाल्यावर मात्र ती फार मोठी होते आणि अशा ठिकाणी सुस्थितीतील सिमेंट नाला बांध हेच मोजणीचे साधन करणे सर्वांत शहाणपणाचे ठरते. बांधाच्या सांडव्यावरून पाणी वाहत असताना त्याची उंची आणि विसर्ग यांचा संबंध रुंद माथ्याच्या बांधाच्या सूत्राने मिळतो : सांडव्याची लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला माथ्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला पुन्हा १.७ ने गुणावे, म्हणजे दर सेकंदाला किती घनमीटर पाणी जात आहे हे कळते. सांडवा १२ मीटर लांब असून त्यावर ४५ सेंटिमीटर पाणी चढले असेल, तर विसर्ग सेकंदाला सुमारे ६.२ घनमीटर होतो आणि ही स्थिती पाच मिनिटे टिकली तर तेवढ्यात साधारण १,८५० घनमीटर पाणी निघून जाते. याच बांधावर पाणी केवळ १० सेंटिमीटर चढले असताना वाचनात दोन सेंटिमीटरांची चूक झाली, तर विसर्गात सुमारे ३० टक्के फरक पडतो. ४५ सेंटिमीटरांना तीच चूक सात टक्क्यांच्या आत राहते. पातळी मोजण्याची पट्टी सांडव्याच्या माथ्यावर न लावता तेथून काही मीटर वरच्या बाजूला, पाण्याचा पृष्ठभाग उतरू लागण्यापूर्वीच्या जागी लावावी आणि तिचे शून्य लेव्हल यंत्राने माथ्याशी जुळवून घ्यावे.

प्रत्येक बांध या कामाला चालत नाही. ज्याच्या पायातून किंवा बाजूच्या पंखभिंतींजवळून पाणी गळते, ज्याला मोठ्या पुरात पाणी वळसा घालून जाते किंवा ज्याच्या सांडव्यापर्यंत खालच्या बांधाचा फुगवटा येतो, असा बांध टाळावा. बांधांची साखळी असलेल्या नाल्यांत हा शेवटचा दोष वारंवार आढळतो आणि कोरड्या दिवसांत तो लक्षात येत नाही, म्हणून खालच्या बांधाच्या माथ्याची उंची लेव्हलने तपासल्याखेरीज निवड पक्की करू नये. वरच्या बाजूला गाळ माथ्यापर्यंत भरला असेल, तर पाणी वेगाने सांडव्यावर येते आणि सूत्रापेक्षा अधिक विसर्ग जातो. अशा बांधावर सूत्रावर विसंबून न राहता एक-दोन पुरांत तरंगकाने वेग मोजून गुणांक दुरुस्त करावा. त्यासाठी नाल्याच्या सरळ भागात ठरावीक अंतरावर दोन्ही काठांना खांब रोवावेत, वाहत्या काडीला किंवा नारळाला ते अंतर कापण्यास लागणारा वेळ काठावरूनच मोजावा आणि पृष्ठभागावरच्या या वेगाला ०.८५ ने गुणून सरासरी वेग धरावा.

सांडवा वाहू लागण्यापूर्वी बांधाच्या पोटात साठलेले पाणीही अपधावच असते. लहान पावसांत नाला बांधापर्यंत येतो, पण सांडवा ओलांडत नाही. अशा वेळी बांध कोरडा असताना समपातळी रेषा घेऊन तयार केलेल्या उंची-साठा कोष्टकावरून पाण्याची वाढ घनमीटरमध्ये काढावी. १५० हेक्टरांच्या पाणलोटावर एक मिलिमीटर अपधाव म्हणजे १,५०० घनमीटर पाणी हे प्रमाण लक्षात ठेवले, की साठ्याचा प्रत्येक आकडा पावसाच्या मिलिमीटरांशी थेट ताडून पाहता येतो.

पुराची वेळ निरीक्षकाच्या सोयीने येत नाही. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला आणि कन्नड घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली; अशा पावसात मोजणीपट्टी वाचण्यासाठी कोणी नाल्याकडे जावे अशी अपेक्षा धरणे अयोग्य आणि धोक्याचे आहे. त्यामुळे मोजणीची रचना मनुष्याच्या उपस्थितीवर अवलंबून न ठेवता तिचा कणा स्वयंनोंदणीच असावा. पाण्याच्या दाबावरून किंवा ध्वनिलहरींवरून पातळी नोंदवणारे यंत्र पाच मिनिटांच्या अंतराने चालवता येते. दाबाचे यंत्र नळीत बसवले तर त्या नळीत गाळ भरण्याचा संभव असल्याने प्रत्येक मोठ्या पुरानंतर ती धुऊन घ्यावी लागते, तर ध्वनिलहरींचे यंत्र पाण्याला न शिवता वरून मोजते, म्हणून गढूळ नाल्यांना ते अधिक सोयीचे पडते. यंत्राबरोबर एक साधी कमाल-पातळी नळी अवश्य असावी. ही नळी म्हणजे खालच्या बाजूला छिद्रे आणि वर झाकण असलेला लोखंडी पाइप. त्याच्या आत लाकडी पट्टी उभी करून तळाशी बुचाचा भुसा टाकतात, पूर चढतो तसा भुसा पाण्याबरोबर वर जातो आणि पाणी उतरताना सर्वोच्च पातळीला पट्टीवर चिकटून राहतो. पूर उतरल्यावर पट्टी काढून भुशाची रेघ मोजावी, पट्टी पुसून परत ठेवावी. यंत्र बंद पडले तरी त्या पुराची कमाल पातळी हातात राहते आणि यंत्र चालू असेल तर त्याच्या वाचनाची खात्री पटते.

पावसाचीही नोंद अशीच बारीक हवी. सकाळी साडेआठला मोजलेला २४ तासांचा पाऊस पाण्याच्या एकूण हिशेबाला उपयोगी पडतो, पण ६० मिलिमीटर पाऊस दोन तासांत पडला की दिवसभर रिमझिम पडला हे त्यावरून कळत नाही आणि माती वाहून जाण्याचे प्रमाण मुख्यतः त्याच गोष्टीवर ठरते. महसूल मंडळ पातळीवरील महावेध हवामान केंद्रांची माहिती जरूर मिळवावी. मात्र खानदेशातील वादळी पाऊस एका शिवारात कोसळून शेजारचे शिवार कोरडे ठेवतो, म्हणून पाणलोटातच एक उलटणाऱ्या बादलीचा स्वयंचलित पर्जन्यमापक आणि त्याच्याशेजारी पडताळ्यासाठी एक साधा पर्जन्यमापक ठेवणे आवश्यक आहे. उतार मोठा असेल तर माथ्यावर आणखी एक असावा. अतिशय जोराच्या पावसात उलटणारी बादली थोडे कमी मोजते, ती तूट साध्या मापकाच्या एकूण आकड्यावरून भरून काढता येते. सर्व यंत्रांची घड्याळे एकाच वेळेला लावली नाहीत, तर पाऊस पडण्यापूर्वीच पूर आल्याच्या नोंदी हाती येतात आणि पूर्ण हंगामाचे काम फुकट जाते, म्हणून दर पंधरवड्याला वेळ तपासून नोंदवावी.

गाळाच्या मोजणीत सर्वाधिक फसगत नमुना घेण्याच्या वेळेमुळे होते. पाणी चढत असताना, विशेषतः पुराच्या पहिल्या लोंढ्यात, गढूळपणा सर्वाधिक असतो आणि तीच पातळी पूर उतरताना पुन्हा आली तरी त्या वेळचे पाणी बरेच नितळ झालेले असते; त्यामुळे केवळ उतरत्या पुरात भरलेल्या बाटल्यांवरून काढलेला गाळ खऱ्यापेक्षा खूप कमी येतो. चढत्या पुराचे नमुने माणसाला न थांबता मिळावेत यासाठी एका मजबूत खांबाला निरनिराळ्या उंचीवर एक लिटरच्या बाटल्या बसवाव्यात आणि प्रत्येक बाटलीच्या बुचातून पाणी आत येण्याची व हवा बाहेर जाण्याची अशा दोन वाकवलेल्या नळ्या काढाव्यात, म्हणजे पाणी त्या उंचीला पोहोचताच बाटली भरते आणि नंतर त्यात नवे पाणी सहसा शिरत नाही. उतरत्या पुराचे नमुने दिवसा शक्य तेव्हा काठावरून, पंधरा मिनिटांच्या अंतराने घ्यावेत. बाटलीवर तारीख, वेळ आणि पातळी लगेच लिहावी, कारण दुसऱ्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या दहा गढूळ बाटल्यांमधील फरक आठवणीने सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतील काम साधे आहे, पण काळ्या मातीसाठी एक काळजी घ्यावी लागते. तिचे चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की बाटली काही दिवस स्थिर ठेवली तरी पाणी नितळत नाही, म्हणून थोडी तुरटी घालून कण खाली बसवतात, वरचे स्वच्छ पाणी काळजीपूर्वक काढतात, उरलेला गाळ १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून वजन करतात. तुरटीचे स्वतःचे वजन गाळात मिसळू नये यासाठी तेवढीच तुरटी घातलेली स्वच्छ पाण्याची एक बाटली त्याच रीतीने वाळवून तिचे वजन वजा करावे. लिटरमागे जितके ग्रॅम गाळ, तितकेच घनमीटरमागे किलोग्रॅम. प्रत्येक वेळेच्या या आकड्याला त्या वेळच्या विसर्गाने गुणून कालानुसार बेरीज केली, की त्या पुराबरोबर गेलेला एकूण गाळ टनांत मिळतो. कृषी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि धुळे, ममुराबाद व पाल येथील कृषी विज्ञान केंद्रांशी संपर्क ठेवल्यास ओव्हन आणि तराजू यांची व्यवस्था गावाला स्वतः करावी लागू नये.

पाण्याबरोबर निघून गेलेल्या गाळाइतकाच बांधामागे बसलेला गाळ महत्त्वाचा आहे आणि तो मोजणे त्याहून सोपे आहे. मे महिन्यात नाला कोरडा असताना बांधाच्या वरच्या बाजूला ठरावीक अंतरांवर पक्क्या खुणांमधून आडवे छेद घ्यावेत, पावसाळा संपल्यावर तेच छेद पुन्हा घ्यावेत आणि दोहोंतील फरकावरून गाळाचे आकारमान काढावे. लोखंडी कड्याने गाळाचा न मोडलेला नमुना काढून त्याची कोरडी घनता ठरवावी; ती घनमीटरला १.२ टन निघाली आणि गाळ १०० घनमीटर असेल, तर १२० टन माती तेथे अडली असा हिशेब होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचा वाटा कळण्याचा हाच एक खात्रीचा मार्ग आहे. २०१७ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत किंवा गावाने वर्गणीतून गाळ काढायचा ठरवला असेल, तेव्हा जेसीबी येण्यापूर्वी हे छेद घेतले पाहिजेत. गाळ उपसला गेला की मागील सर्व वर्षांची नोंद त्याच्याबरोबर शेतात पसरली जाते आणि ती परत मिळवण्याचा कोणताही उपाय उरत नाही.

आता प्रतिमानाकडे वळता येईल. खानदेशासाठी वापरात असलेली जुनी साधने आजही टाकाऊ नाहीत. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये मुंबई इलाख्यातील निरीक्षणांवरून पाणलोटांचे चांगले, मध्यम आणि वाईट असे वर्ग करून पावसानुसार अपधावाची कोष्टके दिली आणि त्यांच्या दैनिक कोष्टकात जमीन कोरडी, ओलसर की ओली हा भेदही केला. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये दख्खनच्या पठारासाठी दिलेल्या सूत्रात वार्षिक पाऊस सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यातून १७.८ वजा करतात, आलेल्या संख्येला पुन्हा पावसाने गुणतात आणि २५४ ने भागतात. ६० सेंटिमीटर पावसाला या रीतीने सुमारे १० सेंटिमीटर अपधाव येतो. संपूर्ण वर्षाचा ढोबळ अंदाज घेण्यास हे पुरेसे आहे, मात्र एका बांधाचा सांडवा किती लांब असावा किंवा एका वादळात किती माती गेली हे त्यावरून सांगता येत नाही.

एका पावसाच्या हिशेबासाठी अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेची ‘कर्व्ह नंबर’ पद्धत सर्वाधिक प्रचलित आहे. मराठीत तिला वक्रांक पद्धत म्हणता येईल. जमिनीचा प्रकार, पीक आणि बांधबंदिस्ती पाहून पाणलोटाला १०० पर्यंतचा एक अंक देतात आणि अंक जितका मोठा तितके पाणी अधिक वाहते. २५,४०० ला या अंकाने भागून त्यातून २५४ वजा केले, की जमीन जास्तीत जास्त किती मिलिमीटर पाणी धरून ठेवील ते कळते. याला धारणा म्हणावे. पावसातून धारणेचा ठरावीक अंश प्रारंभिक घट म्हणून वजा करतात, उरलेल्याचा वर्ग करतात आणि त्याला उरलेला पाऊस व धारणा यांच्या बेरजेने भागतात. कृषी मंत्रालयाच्या १९७२ च्या पुस्तिकेनुसार भारतात ही घट सामान्यतः धारणेच्या ०.३ पट घ्यावी, तर काळ्या जमिनी ओल्या किंवा मध्यम ओलसर असताना ०.१ पट घ्यावी. यामागे काळ्या जमिनीचा स्वभाव आहे : उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पहिले पाऊस त्या भेगांतून खाली जातात, नंतर माती फुगून भेगा मिटतात आणि मग तीच जमीन पाणी आत घेईनाशी होते.

या स्वभावाचा परिणाम किती मोठा आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बांधबंदिस्ती केलेल्या काळ्या जमिनीच्या १५० हेक्टर पाणलोटाचा वक्रांक मध्यम ओलाव्याला ८० धरला आणि एका दिवसात ६० मिलिमीटर पाऊस पडला असे मानले, तर मागील पाच दिवसांत ३५ मिलिमीटरांहून कमी पाऊस झालेला असल्यास वक्रांक सुमारे ६३ वर येतो आणि अपधाव अवघा १.३ मिलिमीटर, म्हणजे साधारण २ हजार घनमीटर भरतो. मागील पाच दिवसांत मध्यम पाऊस झाला असेल तर तोच अपधाव २४.६ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३७ हजार घनमीटर होतो आणि ५३ मिलिमीटरांहून अधिक पाऊस होऊन जमीन ओली झाली असेल तर वक्रांक ९० च्या घरात जाऊन अपधाव ३८.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५८ हजार घनमीटर होतो. पाऊस तोच, शिवार तेच. पाण्यात मात्र जवळपास तीसपट फरक. कोष्टकातून उचललेला एकच वक्रांक पूर्ण हंगामाला लावणारे आराखडे कोठे चुकतात हे यावरून ध्यानात यावे, आणि बांधावर मोजलेल्या दहा-बारा पुरांवरून स्वतःच्या पाणलोटाचा वक्रांक उलट्या गणिताने काढणे का आवश्यक आहे हेही.

गाळासाठी विशमेयर आणि स्मिथ यांचे सार्वत्रिक धूप समीकरण प्रसिद्ध आहे. त्यात पावसाची धूपशक्ती, मातीची धूपशीलता, उताराची लांबी व तीव्रता, पिकाचे आच्छादन आणि संधारणाचे उपाय या घटकांचा गुणाकार करून वर्षाची हेक्टरी धूप काढतात. ते दीर्घकालीन सरासरीसाठी असल्याने एका पुराच्या गाळाशी त्याची तुलना करू नये. एका पुरासाठी विल्यम्स यांनी १९७५ मध्ये सुचवलेले सुधारित समीकरण वापरावे, ज्यात धूपशक्तीच्या जागी अपधावाचे घनमीटर आणि कमाल विसर्ग यांचा गुणाकार घेऊन त्याचा ०.५६ घात करतात आणि ११.८ ने गुणून उरलेले घटक लावतात. वरील उदाहरणातील ३६,९०० घनमीटर अपधाव आणि ६.२ घनमीटर कमाल विसर्ग घेतला, धूपशीलता ०.२, उताराचा घटक ०.५, आच्छादन ०.४ आणि संधारणाचा घटक ०.५ धरला, तर सुमारे २३७ टन गाळ येतो. हेक्टरी तो दीड टनापेक्षा थोडा अधिक आणि पाण्यात सरासरी लिटरमागे साडेसहा ग्रॅमच्या आसपास आहे. बाटल्यांतील सरासरी याच्या जवळ आली तर घटकांची निवड बरोबर दिशेने आहे असे समजावे. येथे एक सावधगिरी : धूपशीलतेचा आकडा जुन्या अमेरिकी एककात आणि मेट्रिक एककात वेगवेगळा असतो, त्यांत सुमारे साडेसातपट अंतर आहे आणि दोन पुस्तकांतील आकड्यांची सरमिसळ झाल्यास प्रकल्प अहवालाचे पूर्ण उत्तर बिघडू शकते. वरील सूत्रात ११.८ हा गुणांक असताना जुन्या एककातीलच आकडा घ्यायचा असतो. आच्छादनाचा घटकही वर्षभर एक नसतो. कपाशीच्या ओळींमधील जमीन जून-जुलैमध्ये उघडी असते आणि ऑगस्टमध्ये झाडांनी झाकली जाते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीच्या पावसांना वेगळा आकडा लावावा.

दोन्ही समीकरणे शेतातील थरांची आणि लहान ओघळींची धूप मोजतात. घळींचे कोसळते काठ त्यांच्या हिशेबात नाहीत. तापीकाठच्या चिरलेल्या मैदानात बाटल्यांतील गाळ समीकरणापेक्षा कितीतरी अधिक आला तर आधी घळीकडे पाहावे. घळीच्या तोंडाशी आणि काठावर खुंट्या रोवून दर पावसाळ्यानंतर काठ किती मागे सरकला ते मोजले, की हा हिस्सा वेगळा काढता येतो. येथे समीकरणाचे घटक ओढूनताणून वाढवणे ही चूक आहे, कारण मग शेतात बांध घातले तरी गाळ का घटत नाही याचे उत्तर कधीच मिळणार नाही.

संगणकीय प्रतिमानांपैकी स्वॅट, वेप आणि एचईसी-एचएमएस ही विनामूल्य मिळतात आणि भुवन संकेतस्थळावरून भूपृष्ठाच्या उंचीची माहितीही घेता येते. या माहितीतील एक चौकोन साधारण ३० मीटरांचा असल्याने शेताचे बांध, समतल चर आणि अरुंद ओहोळ तिच्यात दिसत नाहीत. लहान पाणलोटाची सीमा संगणकाने आखून दिली तरी ती शिवारातून चालत तपासल्याशिवाय स्वीकारू नये, कारण रस्त्याचा भराव किंवा पाटाची मोरी पाण्याची दिशा बदलून टाकते. प्रतिमान बसवताना काही पुरांवर घटक जुळवावेत आणि न वापरलेल्या इतर पुरांवर ते पडताळावे. पडताळणीसाठी नॅश आणि सटक्लिफ यांचा १९७० चा निर्देशांक वापरतात. तो १ असेल तर जुळणी पूर्ण, शून्य असेल तर साधी सरासरीही प्रतिमानाइतकीच चांगली. साधारणपणे ०.५ च्या वर तो समाधानकारक मानतात. एकूण अपधावातील चूक २५ टक्क्यांच्या आत आणि गाळातील ५५ टक्क्यांच्या आत असावी असा संकेत आहे. गाळाला दिलेली ही मोठी सवलत त्या मोजणीतील खरी अनिश्चितता दाखवते, म्हणून अहवालात गाळाचा आकडा दशांशापर्यंत लिहू नये.

संधारणाच्या कामाचा परिणाम सिद्ध करायचा असेल तर पूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षांची साधी तुलना पुरत नाही, कारण पावसाची दोन वर्षे सारखी नसतात. त्यासाठी शेजारशेजारचे, सारख्या मातीचे आणि उताराचे दोन पाणलोट निवडून दोन-तीन पावसाळे दोन्ही जसेच्या तसे मोजावेत, त्यांच्यातील संबंध निश्चित करावा आणि त्यानंतर एकावरच काम करावे. काळ्या जमिनींवर असे दीर्घकाळचे काम हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅटच्या प्रक्षेत्रावर १९७६ पासून झाले असून तेथे रुंद वरंबा-सरी पद्धतीने अपधाव आणि धूप दोन्ही घटल्याचे दिसले. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने राखलेले वन आणि त्याच्या बाजूचा उघडा उतार अशी जोडी घेतली, तर खानदेशाच्या स्वतःच्या मातीतील आकडे मिळू शकतील. या गावाच्या कामासाठी चैतराम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, परंतु त्या कामाचे पाण्याच्या भाषेतील मोजमापही तितक्याच निष्ठेने झाले पाहिजे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली खोल व रुंद केलेल्या नाल्यांवर मोजणी करताना आणखी एक भान हवे : मुखाशी पाणी कमी आले म्हणजे शेतातून कमी वाहिले असे होत नाही, ते वाटेतील खोलगटांत थांबलेले असते, म्हणून प्रत्येक खोल टप्प्याचा साठा प्रतिमानात स्वतंत्र धरावा लागतो.

हे सारे टिकते ते जबाबदारी कोणाची हे ठरल्यावर. पांझरा नदीवरच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाण्याच्या वाटपासाठी पाटकरी आणि जागल्या नेमलेले असत आणि त्यांचा मोबदला लाभधारक देत. मोजणीच्या बांधालाही असाच नेमलेला, मोबदला मिळणारा एक निरीक्षक असावा. मेअखेरीस त्याने सांडवा, मोजणीपट्टी आणि नळ्या साफ करून लेव्हलचे शून्य तपासावे, जूनच्या पहिल्या पावसापूर्वी बाटल्या लावाव्यात, प्रत्येक पुरानंतर भुशाची रेघ, बाटल्यांचे क्रमांक आणि यंत्राची वेळ नोंदवावी आणि ऑक्टोबरमध्ये गाळाचे छेद पुन्हा घ्यावेत. नोंदवही ग्रामपंचायतीत राहावी, तिची प्रत सहायक कृषी अधिकारी आणि महाविद्यालयाकडे असावी आणि नाल्यावर पुढचा बांध, खोलीकरण किंवा गाळ उपसण्याचे अंदाजपत्रक मांडताना ग्रामसभेत त्या वहीतील किमान तीन पावसाळ्यांचे आकडे वाचून दाखवावेत.